बंगालच्या ताटातील मासा

बंगालात एक म्हण आहे, 'माछे-भाते बाङाली'. मासा आणि भात यांवर वाढला तो बंगाली, असा तिचा अर्थ. आता आपण सहज विचाराल की, मासे तर कोकणात खातात, गोव्यात खातात, केरळातही खातात. मग बंगाल्यालाच त्याचे एवढे कौतुक का? या प्रश्नाचे उत्तर नुसत्या जिभेच्या चवीत सापडत नाही. त्यासाठी इतिहासात थोडे मागे जायला हवे.

प्रथम ती भूमीच पाहा. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांनी आणलेल्या गाळावर बंगाल वसला आहे. पावसाळ्यात शेत कुठे संपते आणि नदी कुठे सुरू होते, ते कळत नाही. घर बांधायचे म्हणजे आधी जोते उंच करायचे. त्यासाठी माती खणायची, आणि जिथून माती काढली तिथे तळे होते. या तळ्याला तिकडे 'पुकुर' म्हणतात. घर आणि तळे ही अशी जुळी भावंडेच! या तळ्यात रोहू, कटला, मृगळ पाळायचे. पण गंमत अशी की, हे मासे साठलेल्या पाण्यात आपण होऊन अंडी घालीत नाहीत. म्हणून पुराच्या दिवसांत नदीतले मत्स्यबीज गोळा करून तळेवाल्यांना विकणे हा एक धंदाच होता. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात या जातीच्या माशांना इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावण्याचा प्रयोग यशस्वी केला. तोपर्यंत तळ्यातल्या माशाची सारी भिस्त नदीवरच होती.

ही आवड किती जुनी असावी? पहाडपूर आणि मैनामती ही प्राचीन विहारांची स्थळे आज बांगलादेशात आहेत. तिथल्या भाजलेल्या मातीच्या फलकांवर मासे कापण्याची आणि टोपलीत भरून नेण्याची चित्रे आढळतात. राजे आणि देव यांच्याबरोबर मासळीही शिल्पात आली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पण इथेच एक पेच उभा राहिला. उत्तरेकडच्या बहुतेक ब्राह्मणांना मासा वर्ज्य. मग बंगालच्या ब्राह्मणाने काय करावे? पाण्याने वेढलेल्या देशात मासा सोडून राहणे अवघड, आणि शास्त्र सोडून राहणे त्याहून अवघड! ही अडचण सोडवायला अकराव्या शतकाच्या सुमारास भवदेव भट्ट पुढे आला. हा हरिवर्मदेव राजाचा मंत्री आणि मोठा स्मृतिकार. 'प्रायश्चित्तप्रकरण' या आपल्या ग्रंथात त्याने जुन्या स्मृतींची वचने तपासली आणि असे मत दिले की, मासे-मांसाचा निषेध हा काही ठराविक तिथींपुरताच आहे. एरवी ते खाण्यात दोष नाही. पुढे बंगालातच रचल्या गेलेल्या बृहद्धर्मपुराणाने तर रोहूसारखे पांढरे, खवले असलेले मासे ब्राह्मणाला चालतात, असे स्पष्ट सांगून टाकले. थोडक्यात म्हणजे, शास्त्राने भूमीपुढे मान तुकवली. चैतन्य महाप्रभूंच्या मार्गातल्या वैष्णवांनी मासा वर्ज्य मानला हे खरे. परंतु बाकीच्या समाजाच्या ताटातून तो हलला नाही.

एवढेच नव्हे, तर मासा हे सौभाग्याचे आणि भरल्या घराचे चिन्ह झाले. आजही लग्नात हळदीच्या वेळी वराकडून वधूकडे जी भेट जाते, तीत मोठा रोहू असतो. त्याला शेंदूर लावतात, कधी साडी नेसवून नवरीसारखा नटवतात. मूल पहिल्यांदा भात खाते तेव्हाही पानात मासा लागतो. घरात कोणी वारले तर सुतकात मासा बंद. श्राद्ध आटोपल्यावर आप्तेष्टांनी एकत्र बसून मासा खाल्ला म्हणजे दुःखाचे दिवस संपले. या जेवणाला 'मत्स्यमुखी' असे नाव आहे. पाहा बरे, माणूस पुन्हा संसारात परतला, याची खूणही मासाच!

आता या चित्राची दुसरी बाजू पाहू या. मासा हे जर सौभाग्याचे चिन्ह, तर नवरा गेलेल्या बाईचे काय? तिच्या पानातून मासा उचलला गेला, तो कायमचा. तिला मत्स्यमुखी नाही. आपल्याकडे केशवपनाने जे केले, ते तिकडे मासा काढून घेऊन केले. मासाच काय, कांदा, लसूण आणि मसुरीची डाळसुद्धा तिला वर्ज्य. चूल वेगळी, भांडी वेगळी, मासे चिरण्याची विळी तर तिच्या वाऱ्यालाही उभी करायची नाही. एकादशीला तिने पाणीही प्यायचे नाही, आणि त्याच दिवशी अनेक घरांत सवाष्णीने मात्र मासा आवर्जून खायचा. वरच्या जातींत बालविवाह सर्रास होत. त्यामुळे हा नियम आठ-दहा वर्षांच्या पोरीलाही लागू होई. ज्या पोरीला नवरा म्हणजे काय हे कळले नव्हते, तिला मासा म्हणजे काय हे मात्र पुरते ठाऊक होते.

या बायकांनी काय करावे? जे हाती उरले त्यातून त्यांनी स्वयंपाक उभा केला. केळफूल, खसखस, फणसाच्या कुयऱ्या, कडवट 'शुक्तो', डाळीच्या वड्यांचा रस्सा! बंगालची शाकाहारी पाककला आज नावाजली जाते, तिच्यात या विधवांच्या चुलीचा वाटा मोठा आहे. तिची चव घेताना ती कोणत्या उपासमारीतून आली, हे विसरू नये.

ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीचा आधार काढून विधवाविवाहाचा पक्ष मांडला आणि १८५६ साली तसा कायदा झाला. भवदेव भट्टाप्रमाणे त्यांनीही शास्त्रातूनच वाट काढली. परंतु कायदा लग्नाला परवानगी देऊ शकतो, ताटात काय वाढायचे ते ठरवू शकत नाही. कायद्यानंतरही कित्येक पिढ्या विधवेच्या पानात मासा पडला नाही. आज पुष्कळ घरांत हा नियम सुटला आहे. काही घरांत म्हाताऱ्या आजीने आपण होऊन तो पाळलेला दिसतो.

भूमीला साजेल असे शास्त्र पुरुषांच्या ताटासाठी नऊशे वर्षांपूर्वीच सापडले. स्त्रीच्या ताटासाठी ते शोधायची निकड तेव्हा कोणाला वाटली नाही. बंगालच्या माशाचा इतिहास वाचताना तो कोणी खाल्ला याइतकेच, तो कोणाला खाऊ दिला नाही, हेही वाचायला हवे.