एका शेताच्या तीन वह्या : बुलढाण्याचे दप्तर आणि संगणक

अकबराच्या काळात मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठिकाण होते. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त त्याची नोंद परगण्यांच्या क्रमाने येते : परगण्याचे नाव, पुढे महसूल. शेत त्यात नाही, शेतकरी तर नाहीच. बादशाहीला वसुलीचा आकडा शोधायचा होता. दप्तरही त्याच हिशेबाने लावले गेले.

गावाचा खरा तपशील वतनदारांकडे असे. सिंदखेडची देशमुखी जाधवांकडे होती, ही जिजाऊंच्या माहेरची ओळख सर्वांना ठाऊक आहे. देशमुख-देशपांडे परगण्यात, पाटील आणि हिशेबनीस गावात. कागद मोडीत लिहिलेले आणि रुमालात बांधलेले. कोणता कागद कोणत्या रुमालात, हे ठाऊक असणे हीच वतनदाराची निम्मी सत्ता होती.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला आणि १८६१ पासून येथे मुंबई इलाख्याच्या धर्तीची रयतवारी मोजणी सुरू झाली. तोवर वडाजवळचे, नाल्याकाठचे अशा नावांनी ओळखले जाणारे शेत आता सर्व्हे नंबर झाले. बदल साधा दिसतो, पण परिणाम खोल होता : मालक बदलला तरी नंबर तोच राहिला आणि गावाबाहेरच्या अधिकाऱ्यालाही नकाशावर बोट ठेवून शेत दाखवता येऊ लागले.

मात्र कागदाची एक अडचण सुटली नव्हती. वहीला एकच क्रम असतो. म्हणूनच एकाच जमिनीची माहिती अनेक वह्यांत लिहावी लागे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ आणि त्याखालील १९७१ चे नियम यांनी राज्यभर जे गाव नमुने रूढ केले, त्यांकडे या नजरेने पाहण्यासारखे आहे. नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, काळाच्या क्रमाने चालते : खरेदी, वारसा, वाटणी जशी घडेल तशी. नमुना ७ आणि १२ मिळून होणारा सातबारा जमिनीच्या क्रमाने लागतो. नमुना ८-अ खातेदाराच्या क्रमाने. काळ, जमीन, माणूस असे तीन प्रश्न, म्हणून तीन वह्या. आणि त्या एकमेकींशी जुळत्या ठेवण्याचे काम तलाठ्याच्या लेखणीवर. फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर चढायचा राहिला, की भाऊबंदकीचा दावा पुढच्या पिढीपर्यंत पोचे.

संगणकाने नेमका हाच भाग बदलला. तेथे नोंद एकदाच ठेवायची आणि क्रम मागणाऱ्याच्या प्रश्नाप्रमाणे लावायचा. महाभूलेखावर गट क्रमांक टाकला तर जमीन सापडते, आडनाव टाकले तर माणसावरून जमिनीकडे जाता येते. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला आणि तलाठ्याच्या सही-शिक्क्यासाठी मारावे लागणारे हेलपाटे पुष्कळ कमी झाले.

पण यंत्र अक्षर पाहते, माणूस ओळखत नाही. वहीत नाव ह्रस्व असो वा दीर्घ, गावचा तलाठी ते कोणाचे हे जाणून असे. टंकताना वेलांटी चुकली, तर शोधात खातेदार सापडतच नाही. संगणकीकृत सातबारा हस्तलिखिताशी ताडून पाहण्यासाठी म्हणूनच २०१७ मध्ये राज्यात चावडी वाचन झाले : गावकऱ्यांसमोर नोंदी मोठ्याने वाचायच्या आणि चुका टिपायच्या. सर्वांत नव्या दप्तराची तपासणी सर्वांत जुन्या पद्धतीने झाली, यात मौज आहे.

सातबाऱ्याहून बिकट कथा कोतवाल बुकाची. विदर्भातील जन्म-मृत्यूच्या या जुन्या नोंदवह्या घटनेच्या तारखेनुसार भरत गेल्या. त्या लिहिल्या गेल्या जन्म-मृत्यूची गणती ठेवण्यासाठी. आज मात्र त्यांत पणजोबाची जात शोधली जाते, कारण जात पडताळणीत जुना पुरावा अधिक वजनदार ठरतो. एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवेश त्या एका ओळीवर अडून राहतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा राज्यव्यापी शोध सुरू झाला तेव्हा अशी असंख्य पाने तपासली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली.

स्कॅन केलेले पान हे संगणकाच्या लेखी केवळ चित्र असते. त्यातले नाव शोधपेटीत टाकून मिळत नाही. कोणी तरी ती ओळ वाचून टंकत नाही तोवर गाव कोणते, साल कोणते, हे घरातल्या वृद्धांना विचारूनच पुढे जावे लागते आणि मग पान पान चाळावे लागते.