कोरी राहिलेली एक ओळ

१९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिस येथे विज्ञान आणि ललितकला या दोन्ही अकादमींच्या संयुक्त सभेत फ्रान्स्वा आरागो यांनी लुई दागेर यांची चित्र उमटविण्याची कृती जाहीर केली, हा वृत्तांत छायाचित्रणाच्या प्रत्येक इतिहासात येतो. परंतु त्यातील मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब ही की, फ्रेंच सरकारने दागेरला सालीना ६,००० फ्रँक आणि त्याचा दिवंगत भागीदार निएप्स याच्या पुत्रास ४,००० फ्रँक असा जो तनखा बांधून दिला, तो यंत्राच्या मोबदल्यात नव्हे, तर त्या कृतीचे संपूर्ण बयान लोकांसाठी खुले करण्याच्या मोबदल्यात. हे बयान दागेरने त्याच वर्षी लहानशा पुस्तकाच्या रूपाने छापले. अल्पावधीत त्याच्या अनेक आवृत्त्या आणि युरोपातील नाना भाषांत भाषांतरे निघाली. छायाचित्रण शिकण्यासाठी गुरूच्या घरी उमेदवारी करण्याची गरज नाही, पुस्तक पुढ्यात ठेवूनही ती विद्या हस्तगत करता येईल, हा विश्वास या कलेच्या जन्माबरोबरच जन्मला.

त्या पुस्तकात तपशिलाची उणीव नाही. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा कसा घासावा, आयोडीनच्या वाफेवर त्याला सोनेरी पिवळा रंग येईपर्यंत कसा धरावा, कॅमेऱ्यातून काढल्यावर तापविलेल्या पाऱ्याच्या वाफेने त्यावरील सुप्त आकृती कशी प्रकट करावी, आणि शेवटी हायपोच्या किंवा मिठाच्या पाण्याने ती कायम कशी करावी, हे सर्व आकृत्यांसह क्रमाने सांगितले आहे. मात्र पत्रा उजेडासमोर किती वेळ ठेवावा, या एका प्रश्नापाशी ग्रंथकाराची लेखणी अडते. तीन मिनिटांपासून तीस मिनिटांपर्यंत एवढीच मर्यादा तो देतो आणि ऋतू, प्रहर, देश यांच्या मानाने अंदाज करण्याचे काम वाचकावर सोपवितो. पुढील पावणेदोनशे वर्षांत या विषयावर जी असंख्य पुस्तके निघाली, त्यांतील उत्तमोत्तम पुस्तकांचा इतिहास म्हणजे ही कोरी राहिलेली एक ओळ भरण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय, असे मला वाटते.

आपल्याकडे ही विद्या लवकर आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, पुढील वर्षी तिचे नियतकालिक निघू लागले; डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या प्रारंभीच्या सभासदांपैकी एक, आणि त्याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही चालू झाला होता. या मंडळींच्या हाती असलेले ग्रंथ लंडन-पॅरिसच्या हवेत लिहिलेले होते. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या कलोडियनच्या कृतीत काचेवरील लेप ओला असेपर्यंतच चित्र घेऊन ते धुऊन पुरे करावे लागे; चैत्र-वैशाखाच्या उन्हात तोच लेप पाहता पाहता सुकून जाई. म्हणून हिंदुस्थानात हिंडून काम करणाऱ्या कित्येकांनी गुस्ताव्ह ल ग्रे याची मेणकागदाची पद्धत पत्करली, कारण तो कागद आधी तयार करून ठेवता येत असे. ग्रंथातील आज्ञा आणि आपल्या गावचे ऊन यांत तफावत पडली की आपल्या उन्हाचा दाखला खरा मानावा, ही तालीम येथील विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून मिळाली.

१८८८ साली ईस्टमनने शंभर चित्रांचा रोल भरलेला कोडॅक बाजारात आणला. दोरी ओढणे, चावी फिरविणे आणि कळ दाबणे एवढेच काम धन्याकडे उरले. रोल संपला की कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा. ग्रंथांतील रसायनाचा मोठा भाग येथून सामान्य वाचकाच्या गरजेतून गळाला. पुढे रोलच्या डबीतून जो घडीचा कागद येऊ लागला, त्यावर ऊन, विरळ ऊन, ढग आणि सावली यांची चार चित्रे असत आणि प्रत्येकाखाली आकडे असत: लख्ख उन्हात छिद्र एफ १६, आणि फिल्मची गती १२५ असेल तर शटर १/१२५ सेकंद. रोल धुवायला टाकून आठ-आठ दिवस वाट पाहणाऱ्या हौशी माणसाला तो चतकोर कागद पुरत असे.

ज्याला तो पुरला नाही अशा वाचकासाठी अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स याने लिहिले. फ्रेड आर्चर या सहकाऱ्याबरोबर १९४० च्या सुमारास त्याने ‘झोन सिस्टिम’ रचली, आणि १९४८ मध्ये आलेल्या ‘द निगेटिव्ह’ या ग्रंथात तिचे विवेचन केले. प्रकाशमापक समोर येईल त्या वस्तूला मध्यम करडी समजतो, म्हणून चुन्याने रंगविलेली भिंत आणि काळ्या पाषाणाचे हेमाडपंती देऊळ ही दोन्ही त्याच्या हुकमाने टिपली तर चित्रात सारख्याच राखेच्या रंगाची उतरतात, हे त्याचे मूळ प्रमेय. त्यावर त्याने शून्यापासून दहापर्यंत छटांची पायरी बांधली. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना प्रकाश दुप्पट होतो, पाचवी पायरी मध्यम करड्याची, आणि सावलीतील जो भाग तपशिलासह दिसावा असे वाटते त्याला तिसऱ्या पायरीवर बसवून प्रखर भागाचा बंदोबस्त निगेटिव्ह धुताना करायचा. दागेरने वाचकावर सोडलेला अंदाज येथे प्रथमच सर्वांना शिकता येईल अशी रीत बनला. याच ग्रंथाच्या १९८१ च्या नव्या आवृत्तीत, जवळजवळ ऐंशी वर्षांच्या या वृद्ध कलावंताने येऊ घातलेल्या इलेक्ट्रॉनिक प्रतिमेचे मनापासून स्वागत केले आहे, आणि ते वाचताना मला त्याच्याविषयी अपार आदर वाटतो.

ती प्रतिमा तेव्हा बाल्यावस्थेत होती. कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन याने १९७५ साली जुळविलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याचे चित्र १०० गुणिले १०० ठिपक्यांचे असे आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. २००३ साली कॅननचा ३००डी हजार डॉलरच्या आत आला, आणि नव्या शिकाऊ लोकांची रीघ लागली. त्यांच्यासाठी स्कॉट केल्बी याने २००६ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात एका पानावर एक प्रसंग आणि त्यासाठी कॅमेरा कसा लावावा याची तजवीज एवढेच असे. ते उपकारक आहे, पण पुस्तकात नसलेला प्रसंग पुढे उभा राहिला की त्या वाचकाचा हात थबकतो. मला अधिक जवळचे वाटते ते ब्रूस फ्रेझर याचे रॉ फाइलवरील २००४ चे पुस्तक, कारण त्याने जुना कायदा का पालटला याचे कारण सांगितले. फिल्मवर जपायची ती सावली, प्रखर भाग निगेटिव्ह सांभाळून घेई. डिजिटल संवेदकाचा कण मात्र भांड्यासारखा काठोकाठ भरला की त्यापुढचा प्रकाश वाहून जातो आणि पांढऱ्या ढगातील तपशील कोणत्याही उपायाने परत येत नाही. शिवाय बारा बिटांच्या ४,०९६ पातळ्यांपैकी तब्बल २,०४८ सर्वांत उजळ पायरीतच खर्ची पडतात, पुढच्या पायरीला १,०२४, तिच्या पुढच्या पायरीला ५१२, आणि सावलीच्या वाट्याला अगदी थोड्या उरतात; म्हणून हिस्टोग्रामचा डोंगर उजव्या कडेच्या जवळ न्यावा, पण कडेला धडकू देऊ नये. हे कोष्टक समजले त्या दिवशी मी माझी काळोखी चित्रे पुन्हा काढून पाहिली. त्यांच्या सावल्यांत दिसणाऱ्या रवाळ डागांचे मूळ तेव्हा कळले.

फोर्टच्या पदपथावर मला ‘द निगेटिव्ह’ची एक जुनी प्रत मिळाली आहे. तिच्या पूर्वीच्या धन्याने समासात बारीक पेन्सिलीने प्रहर, छिद्र आणि शटर यांचे आकडे टिपले आहेत. १९९५ मध्ये ठरलेल्या एक्झिफ नावाच्या जाबत्यानुसार हे आकडे आज कॅमेरा प्रत्येक चित्राच्या पोटात आपण होऊन नोंदवितो. पण एका पानावर आकड्यांखाली ‘दगड तिसऱ्यावर धरला’ असे तीन शब्द आहेत, आणि ते कोणताही कॅमेरा लिहीत नाही. त्यांच्यासाठी मी खिशात लहान वही ठेवू लागलो. श्रावणातल्या ढगाळ सकाळी घाटावर काढलेल्या चित्रांची तिच्यात सव्वीस टिपणे झाली आहेत, त्यांतली नऊ मी नंतर खोडून पुन्हा लिहिली.