हिब्रू नावे : अर्थ आणि महत्त्व

बाळाच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरवण्यास येणारे पालक आम्हांला पुष्कळदा विचारतात, "फादर, नाव बायबलमधीलच हवे का?" उत्तर देण्यापूर्वी त्या नावांचा अर्थ पाहणे इष्ट ठरेल.

प्राचीन इस्राएली लोकांच्या दृष्टीने नाव ही केवळ हाक मारण्याची सोय नव्हती. अनेक हिब्रू नावे म्हणजे लहानशी वाक्येच होत. 'एल' म्हणजे देव. दानीएल : देव माझा न्यायाधीश आहे. रफाएल : देवाने बरे केले. मीखाएल : देवासारखा कोण आहे? 'याह' हे 'याहवे' या पवित्र नामाचे संक्षिप्त रूप. योहान : याहवे कृपाळू आहे. यशया : याहवे तारण आहे. 'येशू' या नावातही तारणाचाच अर्थ असून देवदूताने योसेफाला तो स्पष्ट सांगितला (मत्तय १:२१).

काही नावे प्रसंगातून आली. वृद्धापकाळी पुत्र होणार हे ऐकून अब्राहाम व सारा हसली; म्हणून 'इसहाक', म्हणजे 'तो हसतो'. मरणासन्न राहेलने बाळाला 'बेनओनी' (माझ्या दुःखाचा पुत्र) म्हटले. याकोबाने त्याला 'बन्यामीन' (उजव्या हाताचा पुत्र) हे नाव दिले (उत्पत्ती ३५:१८). सर्वच अर्थ मात्र निर्विवाद नाहीत. 'मरिया' (मिर्याम) या नावाच्या अर्थाविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

ही नावे मराठी मातीत फार पूर्वीच रुजली. कोकणातील बेने इस्राएल समाजात शमुवेलचा 'समाजी' झाला. मुंबईत १७९६ साली सभास्थान बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर हे समाजी हसाजी दिवेकर या नावाने ओळखले जात. आपल्या महालातील भोसल्यांच्या रघुजी, जानोजी, मुधोजी या नावांतील 'जी' तोच. नाव हिब्रू, आदरार्थी प्रत्यय मराठी आणि आडनाव कोकणातील दिवे गावाचे, असा हा संगम आहे. गोव्यात योसेफ पोर्तुगीज वळणाने 'जुझे' झाला. ध्वनी बदलला, परंतु 'देव वाढ करो' हा मूळ अर्थ तोच राहिला.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. १९१७ च्या धर्मविधिसंहितेत ख्रिस्ती नावाचा आग्रह होता. १९८३ च्या संहितेचा ८५५ वा नियम इतकेच सांगतो की ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव देऊ नये. म्हणजे 'कृपा', 'आनंद' किंवा 'देवदत्त' ही नावे मुळीच वर्ज्य नाहीत. 'देवदत्त' तर अर्थाने 'नथनेल'च! काही काळ नागपुरात वास्तव्य केलेले कवी नारायण वामन टिळक १८९५ साली बाप्तिस्मा घेऊनही नारायणच राहिले.

म्हणून आमची नम्र सूचना अशी : नाव कोणत्याही भाषेतील असो, पालकांनी त्याचा अर्थ जाणून घ्यावा आणि मूल मोठे झाल्यावर तो त्याला अवश्य सांगावा. अर्थ ठाऊक नसलेले 'शमुवेल' आणि अर्थ जाणून ठेवलेले 'कृपा' यांत हिब्रू परंपरेला अधिक जवळचे कोणते, याचा वाचकांनीच विचार करावा.