सायला : एक कीटक, एक रोग आणि अनेक नावे

लिंबू-संत्र्यांच्या कोवळ्या पालवीतील रस शोषणारा ‘सायला’ हा कीटक लांबीने जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर. डोके खाली व मागील भाग उंच अशा तिरप्या बैठकीत तो रस घेतो आणि चाहूल लागताच उडी मारतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘पिसू’ असाच आहे. मावा, तुडतुडे ही नावे मराठी शेतकऱ्याने आपल्या भाषेत घडविली. या कीटकाचे नाव मात्र शास्त्रग्रंथांतून उसने आले.

१९०८ साली कुवायामा या जपानी कीटकशास्त्रज्ञाने, त्या काळी जपानच्या अमलाखालील तैवानातून, त्याचे वर्णन केले. हिंदुस्थानात १९२७ साली हुसेन व नाथ यांनी पंजाबातील बागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झाडांचा ऱ्हास त्यांनी बारकाईने टिपला. दोष मात्र कीटकाच्या शोषणालाच दिला. ती लक्षणे आज वाचताना कीटकामागे दडलेला रोगच डोळ्यांसमोर येतो.

या रोगाच्या इतिहासात नावांनी जेवढा घोटाळा केला तेवढा क्वचितच कशाने केला असेल. हिंदुस्थानात ‘डायबॅक’, तैवानात ‘लिकुबिन’, दक्षिण आफ्रिकेत फळे हिरवी राहतात म्हणून ‘ग्रीनिंग’. नावे भिन्न, म्हणून रोगही भिन्न मानले गेले. दक्षिण चीनमधील ‘ह्वांगलुंगबिंग’चे भाषांतर ‘पिवळ्या ड्रॅगनचा रोग’ असे सर्रास होते. वस्तुतः चाओचौ भागातील बोलीत ‘लुंग’ म्हणजे झाडाचा शेंडा. शेतकऱ्याने पिवळा पडलेला फुटवा पाहिला होता. ड्रॅगन भाषांतरकारांनी आणला!

हा रोग कलमातून पसरतो, हे लिन यांनी १९५६ साली दाखविले. वाहक कोण, याचा भारतातील निर्णय १९६७ साली पुण्याच्या कपूर, राव व विश्वनाथ यांनी दिला : सायलाच. कारण तोवर विषाणू समजले जाई. १९७० साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अन्नरसवाहिन्यांतील सूक्ष्मजीव दाखविले आणि पुढे ते जीवाणू ठरले. १९९५ साली फूचौ येथील परिषदेने चिनी नावच अधिकृत केले. शेतकऱ्याच्या बोलीचा हा विजय प्रस्तुत लेखकास विशेष वाटतो.

फ्लोरिडात कीटक १९९८ साली आढळला, रोग २००५ साली. मधल्या काळात शोभेच्या कुंतीच्या रोपांबरोबर कीटक राज्यभर फिरला, कारण कुंती व कढीपत्ता यांवरही तो वाढतो. २००३-०४ च्या हंगामात तेथे संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये दोन कोटीही निघाल्या नाहीत. त्यात चक्रीवादळांचाही वाटा आहे.