प्रोसेसर–ग्राफिक्स कार्ड ताळमेळ

संगणकावर व्हिडिओ गेम चालतो तेव्हा पडद्यावरचे प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, आधी प्रोसेसरच्या आणि मग ग्राफिक्स कार्डाच्या हाताखालून जाते. या दोघांपैकी जो सावकाश, त्याच्या वेगाने खेळ चालतो. सावकाश घटकाला बाजारात सर्रास ‘बॉटलनेक’ म्हणतात. मात्र हा एखाद्या जोडीला कायमचा चिकटलेला दोष नसतो. खेळ, रिझोल्यूशन, सेटिंग, रॅम, ड्रायव्हर किंवा खोलीचे तापमान बदलले की तोच संगणक कधी प्रोसेसरपाशी अडतो, कधी कार्डापाशी. प्रस्तुत नोंदीत असेंबल केलेल्या घरगुती पीसीचा विचार केला असून छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) परिसरातील उन्हाळ्याचा या ताळमेळावर होणारा परिणाम विस्ताराने दिला आहे.

कामाची वाटणी

खेळाचे नियम, शत्रूच्या हालचाली, वस्तूंची टक्कर, माऊस-कीबोर्डवरचे इशारे आणि नेटवर्कवरून येणारी माहिती हे सारे प्रोसेसर सांभाळतो. ही कामे आटोपली की पुढच्या फ्रेममध्ये काय काय काढायचे याची यादी तो कार्डाकडे पाठवतो. यादीतल्या एकेका हुकमाला ‘ड्रॉ कॉल’ म्हणतात. कार्ड त्या यादीवरून आकार मांडते, पोत चढवते, सावल्या व प्रकाश मोजते आणि प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवते. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो. म्हणून दोघांच्या वेळेची बेरीज करायची नसते. ज्याला जास्त वेळ लागतो तोच आकडा धरायचा असतो.

वेळेचा हिशोब

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. १४४ फ्रेमसाठी फक्त ६.९४. समजा एका खेळात प्रोसेसरला फ्रेममागे ९ मिलिसेकंद लागतात आणि १४४०पी रिझोल्यूशनवर कार्डाला १४. खेळ सेकंदाला सुमारे ७१ फ्रेमने चालेल आणि प्रोसेसर मधल्या वेळेत रिकामा बसेल. आता रिझोल्यूशन १०८०पी केले आणि कार्डाचा वेळ ८ मिलिसेकंदांवर आला. वेग १२५ व्हायला हवा, पण प्रोसेसरचे ९ मिलिसेकंद तसेच राहिल्याने तो १११ वर थांबेल. अशा वेळी ६ मिलिसेकंदांत काम उरकणारा नवा प्रोसेसर बसवला तर १०८०पी वर वेग १२५ होईल. १४४०पी वर मात्र एकाही फ्रेमचा फरक पडणार नाही. एकच खरेदी एकाला सार्थकी लागली आणि दुसऱ्याचे पैसे पाण्यात गेले, असे होते ते यामुळे.

रिझोल्यूशन

१९२०×१०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात, २५६०×१४४० वर ३६,८६,४०० आणि ३८४०×२१६० वर ८२,९४,४००. म्हणजे १०८०पी वरून ४के वर गेले की पिक्सेल बरोबर चौपट होतात. हा बोजा जवळजवळ सगळा कार्डावर येतो. प्रोसेसरचे काम रिझोल्यूशनने फारसे बदलत नाही. डीएलएसएस (२०१८) व एफएसआर (२०२१) ही तंत्रे कमी पिक्सेल रंगवून चित्र मोठे करतात. त्यांनी कार्ड हलके होते आणि अडचण पुन्हा प्रोसेसरकडे सरकू शकते. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कृत्रिम फ्रेम घालण्याच्या तंत्राला वेग मानावे की नाही, याबाबत जाणकारांत एकमत नाही.

खेळाचा प्रकार

व्हॅलोरंट (२०२०) आणि काउंटर-स्ट्राइक २ (२०२३) यांसारख्या स्पर्धात्मक खेळांत चित्रण तुलनेने हलके असते व खेळाडूला शेकड्यांत फ्रेम हव्या असतात. तिथे प्रोसेसरचा कस लागतो. सायबरपंक २०७७ (२०२०) सारख्या खेळात रे ट्रेसिंग चालू केले की कार्ड घामाघूम होते, परंतु दृश्यातील वस्तूंची मांडणी सतत नव्याने करावी लागत असल्याने प्रोसेसरचाही बोजा वाढतो. शहर वसवण्याच्या खेळांत लोकवस्ती वाढत जाते तसा प्रोसेसर थकतो.

इतिहास

१९९६ मधले थ्रीडीएफएक्सचे व्हूडू कार्ड नेहमीच्या कार्डाच्या जोडीला बसवावे लागे आणि आकारांच्या कोपऱ्यांचे गणित प्रोसेसरच करी. १९९९ मध्ये एनव्हिडियाच्या जीफोर्स २५६ ने ते गणित स्वतःकडे घेतले. पुढे अडचण ड्रॉ कॉलची झाली : जुन्या पद्धतीत हे हुकूम मुख्यतः एकाच थ्रेडवरून जात, त्यामुळे प्रोसेसरचे कोर वाढूनही उपयोग होईना. एएमडीचे मँटल (२०१३), मायक्रोसॉफ्टचे डायरेक्टएक्स १२ (२०१५) आणि व्हल्कन (२०१६) यांनी ही कोंडी बरीच फोडली. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरने ९६ एमबी एल३ कॅशच्या बळावर जास्त क्लॉकच्या प्रोसेसरांना खेळांत मागे टाकले. खेळासाठी प्रोसेसर निवडताना गिगाहर्ट्झचा आकडा पुरत नाही, हे त्याने पक्के केले.

जोडी फसण्याची कारणे

(१) पीसीआय एक्सप्रेस : जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटी कार्डाला फक्त चार लेन व ४ जीबी मेमरी आहे. चौथ्या पिढीच्या स्लॉटवर चार लेनमधून सेकंदाला सुमारे ७.९ जीबी माहिती जाते, तिसऱ्या पिढीवर निम्मी. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर तिसऱ्या पिढीपर्यंतच साथ देतो. दोन्ही वस्तू आपापल्या जागी कामाच्या. मात्र एकत्र आल्या आणि कार्डाची मेमरी भरली की खेळ गचके खातो.

(२) ड्रायव्हर : कार्डाचा ड्रायव्हर प्रोसेसरवरच चालतो. मार्च २०२१ मधील चाचण्यांत जुन्या प्रोसेसरवर जीफोर्स कार्डे एएमडीच्या तुल्यबळ रेडिऑन कार्डांपेक्षा मागे पडताना दिसली. इंटेलचे आर्क बी५८० (डिसेंबर २०२४) नव्या प्रोसेसरवर उत्तम ठरले. पुढच्याच महिन्यात रायझन ५ २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर त्याची बरीच घसरण होते असे आढळले. स्वस्त कार्ड बहुधा जुन्या संगणकातच बसते, म्हणून ही बाब महत्त्वाची.

(३) रॅम : डीडीआर४-३२०० ची एकच स्टिक सेकंदाला २५.६ जीबी माहिती पुरवते, दोन स्टिक ५१.२ जीबी. चार स्लॉट असलेल्या बहुतेक मदरबोर्डांवर या दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये घालायच्या असतात. पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये घातल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा छापील वेग लागू करणारी सेटिंग) चालू केले नाही तर रॅम कमी वेगानेच चालते. कार्डाविना, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला याचा सर्वाधिक फटका बसतो.

(४) केबल : मॉनिटरची एचडीएमआय केबल कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या मागच्या पोर्टला लावलेली असणे. अशा वेळी खेळ प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालण्याचा संभव असतो. कार्डाची पोर्ट कॅबिनेटच्या मागे खालच्या बाजूला आडवी असतात. केबल तिथे हवी.

(५) व्हिडिओ मेमरी : ८ जीबी पुरते की नाही हे खेळ व सेटिंगवर अवलंबून आहे.

मराठवाड्यातील उन्हाळा

ताळमेळाचे बहुतेक तक्ते वातानुकूलित प्रयोगशाळेत, २०–२५ अंशांच्या आसपास तयार होतात. छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या घरात जातो आणि बंद कॅबिनेटच्या आत खोलीपेक्षाही अधिक उष्णता साठते. कूलर व पंखा घटकाची उष्णता हवेत टाकतात. हवाच जितकी अधिक तापलेली, जवळजवळ तितक्याच अंशांनी घटकाचे तापमान वर चढते. डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालणारा प्रोसेसर मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या आसपास जाईल.

मर्यादा ठरलेल्या असतात : रायझन ५ ५६०० साठी ९० अंश, रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांसाठी ९५, इंटेलच्या १२ व्या पिढीसाठी साधारणतः १००. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःचा क्लॉक उतरवतो. ग्राफिक्स कार्ड तर मर्यादेच्या बऱ्याच आधीपासून थोडा थोडा क्लॉक सोडत जाते. त्यात दोघांची उष्णता एकमेकांत मिसळते. नेहमीच्या दोन-तीन पंख्यांच्या कार्डाची गरम हवा कॅबिनेटमध्येच सुटते आणि वर जाऊन प्रोसेसरच्या कूलरमध्ये शिरते. १७० वॅटचे कार्ड (उदा. आरटीएक्स ३०६०) ११५ वॅटच्या कार्डापेक्षा (उदा. आरटीएक्स ४०६०) प्रोसेसरलाही अधिक तापवते. म्हणून हिवाळ्यात कार्डापाशी अडणारी जोडी उन्हाळ्यात दुपारी प्रोसेसरपाशी अडू शकते. मराठवाड्यात जोडी निवडताना वॅटचा आकडा फ्रेमच्या आकड्याइतकाच तोलून पाहिला पाहिजे.

मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत डेझर्ट कूलर खोलीचे तापमान चांगलेच उतरवतो व त्याचा संगणकालाही लाभ होतो. परंतु कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये. ओलसर हवेत धूळ हीटसिंकच्या पातळ पात्यांत लेपासारखी बसते आणि मग नुसत्या ब्रशने निघत नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलर निरुपयोगी होतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवून पंखा लावणे बरे. उन्हाळ्याच्या तोंडावर कॅबिनेटचा जाळीदार फिल्टर धुऊन वाळवावा आणि हीटसिंकमधली धूळ ब्लोअरने काढावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे; झोताने ते मोकळे गरगरले तर बेअरिंग बिघडते. तीन-चार वर्षे जुन्या संगणकात थर्मल पेस्टही बदलावी. या कामांचा खर्च काही शे रुपये असतो, आणि अनेकदा नव्या प्रोसेसरची गरजच उरत नाही.

आणखी एक उपाय फुकट आहे. खेळाची फ्रेम मर्यादा मॉनिटरच्या रिफ्रेश रेटइतकी ठेवली, म्हणजे ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ६०, की दोन्ही घटक विनाकारण राबत नाहीत व उष्णता आपोआप घटते. कार्डाची पॉवर लिमिट दहा-वीस टक्क्यांनी उतरवली तरी वेगातली घट सहसा त्याहून बरीच कमी असते.

वीज

३०० वॅट ओढणारा संगणक चार तास चालला की १.२ युनिट वीज जाते आणि ती सगळी उष्णता म्हणून खोलीतच उतरते. दुकानात मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटपर्यंतच भार पेलतो. मोठे कार्ड, प्रोसेसर व मॉनिटर मिळून भार त्यापुढे गेला तर वीज गेल्याक्षणी यूपीएस किंचाळतो आणि संगणक बंद पडतो.

मोजणी

टास्क मॅनेजरमधील प्रोसेसरचा एकूण टक्का दिशाभूल करतो. १२ थ्रेडच्या प्रोसेसरवर खेळाचा मुख्य थ्रेड पूर्ण भरलेला असला तरी एकूण आकडा ३०–४० टक्केच दिसू शकतो. कार्डाचा वापर पाहणे अधिक भरवशाचे : तो ९५ टक्क्यांच्या वर टिकला तर अडचण कार्डापाशी; फ्रेम मर्यादा लावलेली नसताना तो ६०–७० वर घुटमळत असेल तर बहुधा प्रोसेसरपाशी. दुसरी कसोटी म्हणजे खेळातल्या एकाच जागी उभे राहून रिझोल्यूशन ७२०पी करणे. वेग वाढला नाही तर कार्ड निर्दोष आहे.

सरासरी एफपीएसने (सेकंदामागच्या फ्रेमने) गचके कळत नाहीत. ‘टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळावरून स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजण्याची पद्धत पुढे आणली आणि ‘वन पर्सेंट लो’ (सर्वांत सावकाश एक टक्का फ्रेमचा वेग) हा आकडा रूढ झाला. एमएसआय आफ्टरबर्नर, प्रेझेंटमॉन व कॅपफ्रेमएक्स या विनामूल्य साधनांनी हे घरी मोजता येते. दोन नावे टाकताच ‘इतके टक्के बॉटलनेक’ असे उत्तर देणाऱ्या तक्त्यांना, खेळ व रिझोल्यूशन न विचारता ते दिलेले असेल तर, काही अर्थ नसतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा राजी : अॅन एन्शंट एपिक हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर व ऑक्टोबरमध्ये पीसीवर आला. स्विचमध्ये प्रोसेसर व ग्राफिक्स एकाच टेग्रा चिपवर असल्याने जोडी ठरलेली असते आणि खेळ तिच्या मापाने बेतता येतो. पीसीवर निर्मात्याला हजारो जोड्यांचा विचार करावा लागतो. पुण्यातीलच सी-डॅकचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या टॉप ५०० यादीत ६३ वा होता. त्याच्या प्रत्येक नोडमध्ये दोन एएमडी इपिक प्रोसेसर व आठ एनव्हिडिया ए१०० ग्राफिक्स प्रोसेसर आहेत. तिथे काम मुख्यतः आकडेमोडीचे असल्याने हे प्रमाण जमते. खेळासाठी ते निरर्थक ठरेल. सुट्या भागांची राज्यातील जुनी बाजारपेठ म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड.

लॅपटॉप

लॅपटॉपमध्ये जोडी बदलता येत नाही, आणि एकाच नावाच्या कार्डाला निरनिराळ्या मॉडेलांत निरनिराळे वॅट दिलेले असतात.

खरेदी

एकूण रकमेतला किती वाटा कार्डाला द्यावा याचे सर्वमान्य प्रमाण नाही. १४४०पी व त्यापुढे तो सर्वांत मोठा असावा, एवढे साधारणतः मान्य आहे. इथेरियम या क्रिप्टोचलनाचे मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये थांबल्यावर त्यासाठी वापरलेली बरीच कार्डे जुन्या बाजारात आली. अशी वस्तू अर्धा-पाऊण तास पूर्ण भारावर चालवून, तापमान पाहूनच घ्यावी. छत्रपती संभाजीनगरातील अभियांत्रिकीचा विद्यार्थी बहुतेक वेळा घरच्यांच्या पैशातून संगणक घेतो व पुढे एकेक भाग बदलत जातो. त्याने क्रम असा ठेवावा : केबल, रॅमचे स्लॉट व एक्सएमपी तपासणे, धूळ काढणे, आपल्याच खेळात, आपल्याच मॉनिटरवर, मे महिन्यातल्या दुपारी मोजणे, आणि जो घटक सावकाश ठरेल तेवढाच बदलणे.