मधल्या भोकाची गोष्ट

ऑगस्ट १९२४. फ्रान्समधल्या ल्यों ग्रां प्रीत एत्तोरे बुगाटीच्या ‘टाइप ३५’ गाड्या उतरल्या, त्या ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकांवर. आठ चपटे आरे, ब्रेकचा ड्रमही चाकासोबतच ओतलेला. टायरांनी दगा दिल्याने ती शर्यत हातची गेली, पण चाकाची कल्पना टिकली.

हे चाक त्याच गाडीसाठी घडवलेले होते. बाजारातल्या चाकांची अडचण पुढे आली, कारण प्रत्येक गाडीची मापे वेगळी. अमेरिकेत ‘युनि-लग’ चाके निघाली. लांबट भोकांमुळे एकच चाक अनेक गाड्यांना बसे. मात्र योग्य वॉशर नसला की चाक मध्यापासून किंचित सरके आणि वेग वाढताच स्टिअरिंग थरथरू लागे.

आजही दोष बहुधा तिथेच असतो. पुण्याजवळ चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलोचा हब, म्हणजे चाकाचे मधले भोक ज्यावर बसते तो भाग, ५७.१ मिलिमीटरचा, तर बाजारातल्या अनेक अलॉय व्हीलचे मधले भोक ७३.१ चे. ही १६ मिलिमीटरची पोकळी भरायला रिंग लागते. भार रिंग पेलत नाही, तो घट्ट आवळलेल्या बोल्टांचा दाब पेलतो. रिंग चाकाला आवळताना मध्यावर धरते, आणि हे काम मुळीच दुय्यम नाही.

बोल्टांचेही तसेच. पोलोच्या मूळ बोल्टांची बैठक गोलाकार, बाजारातल्या बहुतेक चाकांची शंकूसारखी. बोल्ट बदलावेच लागतात. मग हबवरचा गंज घासायचा, चाक जॅकवर अधांतरी असतानाच बोल्ट समोरासमोर थोडेथोडे आवळायचे आणि गाडी खाली घेऊन टॉर्क पान्याने शेवटचा पीळ द्यायचा.