मोहाची नावे, बिअर जमा

आमचा पुण्याचा भाचा सांगतो, "मामा, प्रवासात त्या त्या गावची ताजी बिअर शोधावी." मी जळगाव-धुळं बदल्यांत एस.टी. झिजवली, मला इतिहासच आठवतो.

ताजं, गावचं, थोडकं काढायची कला सातपुड्यातल्या भिल्लांची जुनीच. मोहाची फुलं वेचायची, आंबवायची, गाळायची. १८५५ च्या सुमारास डायरसाहेबानं कसौलीला बिअर काढली, तो उद्योजक ठरला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं परवान्याविना भट्टी मात्र गुन्हा झाली. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं तर पिणाऱ्यालाही परवाना लावला.

पुढं २००९ साली पुण्यात 'डूलाली'नं छोटी भट्टी घातली नि तिचं कौतुक झालं. भिल्लाच्या नावे पडलेली रक्कम पुण्याला जमा कशी झाली, हा ताळा बी.कॉम. होऊनही मला जमत नाही, बुवा!